तीन रीडिंग थांबा

खोलीत पाच खुर्च्या होत्या, चार माणसं, अकरा पानी लेखाच्या चार प्रती, शेंगदाण्याच्या लाडवांचा एक डबा, आणि खिडकी एकही नव्हती. आमचं ऑफिस कोल्हापुरात एका जुन्या पतपेढीच्या जागेत होतं आणि ही तिची तिजोरीची खोली. लोखंडी दार वीतभर जाड. ते पूर्ण लागलं तर आतून उघडत नसे, म्हणून त्याच्या खाली कायम सिमेंटचा एक ठोकळा सरकवलेला असायचा. आत मोबाइलला रेंज नाही. आम्ही त्या खोलीला लॉकर म्हणायचो, आणि दर शुक्रवारी जेवण झाल्यावर लॉकरमध्ये बसून लेख वाचायचो.

ही पद्धत दळवी सरांची. त्यांनी उमेदीची वीस वर्षं धरणांवर मापनयंत्रं बसवण्यात घालवली होती आणि मग ही छोटी कंपनी काढली होती. काही माणसं पन्नाशीत अध्यात्माकडे वळतात, सर प्रोग्रामिंगवरच्या जुन्या, गाजलेल्या लेखांकडे वळले. काम रखडलं की माणसं वाढवून ते आणखी रखडतं, हे सांगणारा लेख त्यांनी आम्हाला वाचून दाखवला तेव्हा इम्रान मुजावर शांतपणे म्हणाला होता, "सर, मग आमच्यातलं दोघं काढून टाका. दिवाळीच्या आत काम संपतंय." सर इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

पद्धतीला एक नियम होता. ज्याने लेख आणला, त्याने एका शुक्रवारी त्याच्या बाजूने बोलायचं आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्या विरुद्ध. सर म्हणायचे, ज्याला विरुद्ध बोलता येत नाही त्याला तो लेख समजलेलाच नाही.

त्या शुक्रवारी लेख माझा होता. मी यशोधरा खोत, पंचवीस वर्षांची, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आणि तीन वर्षं कंपनीत. आमचं मुख्य काम म्हणजे काळगंगा नदीच्या पुराचा इशारा देणारा प्रोग्राम, आणि तो जवळजवळ सगळा मी लिहिलेला. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: प्रोग्राम म्हणजे त्याच्या ओळी नव्हेत. कोणती ओळ का लिहिली, ते ज्याच्या डोक्यात आहे, त्याच्याच हातात प्रोग्राम जिवंत असतो. तो माणूस गेला की मागे राहतं ते चालणारं यंत्र. चालतं, पण कोणाला कळत नाही, आणि बदलायला गेलं की मोडतं.

मला तो लेख इतका पटला होता की मी प्रती काढण्याआधीच तो जवळपास पाठ झाला होता. मी चाळीस मिनिटं बोलले. शेवटी हाताशी असलेलं उदाहरण द्यावं म्हणून म्हणाले, "आपलाच प्रोग्राम घ्या. उद्या मी नसले तर तो चालेल. पण इम्रानने किंवा शीतलने त्यात काही बदललं तर तो कुठे मोडला हे त्यांना कळणारही नाही."

शीतल पाटोळे आमच्यात सगळ्यांत नवी, वर्षभरापूर्वी आलेली. ती समोरच्या प्रतीची पानं उलटत राहिली. सरांनी हातातला लाडू परत डब्यात ठेवला आणि लेखाच्या मार्जिनमध्ये काहीतरी लिहून घेतलं.

सोमवारी मला बंगळूरच्या एका संस्थेची मेल आली. सूर्यावरच्या वादळांवर संशोधन करायला त्यांनी मला घेतलं होतं. एक जूनला रुजू व्हायचं, आणि जागा एकच. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून मला हवं होतं ते हेच. मी मेल छापून घेतली, एवढ्यासाठी की ती हातात धरून बघता यावी, आणि सरांच्या टेबलाशी गेले.

सरांनी वाचलं, उठून माझ्याशी हात मिळवला आणि मनापासून अभिनंदन केलं. मग खाली बसले.

"जा," ते म्हणाले. "महिन्याची नोटीस दिलीस की मी तुला अडवू शकत नाही. एवढंच सांग. पंधरा जूनला पाणी चढलं आणि इशारा चुकला, तर का चुकला ते मी कोणाला विचारू?"

"इम्रानला, सर."

"त्याला कळणारही नाही. हे तूच म्हणालीस. शुक्रवारी."

मी म्हणाले, तो लेख होता. सर म्हणाले, लेख होता आणि बरोबर होता, म्हणून तर विचारतोय. त्यांनी आवाज चढवला असता तर सोपं झालं असतं, मलाही चढवता आला असता. पण ते खरंच विचारत होते. धानवड्याजवळ नदीवर एक ठेंगणा पूल आहे. पलीकडची वस्ती त्या पुलावरून गावात येते, शाळेची पोरंसुद्धा. आमचा प्रोग्राम यायच्या आदल्या वर्षी तिथून दोन माणसं वाहून गेली होती. पाणी चढायला लागलं की धानवड्याच्या ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजतो तो आमच्या प्रोग्रामने. सरांना ते माहीत होतं आणि मलाही.

गावी घरी फोन केला तर बाबा म्हणाले, देवळातल्या गुरवाचीसुद्धा पाळी बदलते, तू काय देवापेक्षा मोठ्या कामाला लागलीयस? मला हसू आलं. पुढचे चार दिवस मी त्याच प्रश्नात फिरत राहिले. मी गेले आणि लेख खरा असला तर पूल धोक्यात. लेख खोटा ठरवायचा तर मी मनापासून मानलेली गोष्ट खोटी ठरवायची. आणि लेखाला हात न लावता थांबायचं, तर किती वर्षं? पाऊस काय दर वर्षी पडतो.

शुक्रवारी विरुद्ध बोलायची पाळी आली तेव्हा मी सांगितलं की मी बोलणार नाही, प्रयोग करणार आहे. दोन आठवडे मी लॉकरमध्ये बसेन. कॉम्प्युटर नाही, फोन नाही. सरांनी इम्रानला आणि शीतलला प्रोग्राममध्ये खरेखुरे बदल करायला द्यावेत. मला काही विचारायचं नाही, मी काही सांगायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. शेवटी सगळे बदल बरोबर निघाले तर लेख निदान आमच्यापुरता चूक.

सरांचा चेहरा उजळला. प्रयोग म्हटलं की ते सगळं विसरायचे.

"लेख पाड, मी त्याच दिवशी तुझ्या राजीनाम्यावर सही करतो," ते म्हणाले. "पण तुला मध्ये बोलावं लागलं, एका शब्दाने जरी, तर लेख उभा. मग तू पावसाळा संपेपर्यंत इथे."

पावसाळा संपेपर्यंत म्हणजे ऑक्टोबर. बंगळूरची जागा तोपर्यंत थांबणार नव्हती. मी हो म्हणाले.

सोमवारी मी एक उशी, पाण्याची बाटली आणि सौर भौतिकीचं जाडजूड पुस्तक घेऊन आत गेले. इम्रानने दाराचा ठोकळा पायाने नीट सरकवला. "इथं पूर्वी लोकांचं सोनं ठेवायचे, खोतबाई," तो म्हणाला. "आता तुला ठेवलंय. चोरीला जाऊ नको म्हणजे झालं."

पहिले तीन दिवस मी खरोखर अभ्यास केला. चौथ्या दिवसापासून अक्षरं डोळ्यांपुढून नुसती जाऊ लागली. दार फटीइतकं उघडं असल्यामुळे बाहेरचं बोलणं ऐकू यायचं. ते दोघं एखाद्या ओळीशी अडायचे, तेव्हा उत्तर माझ्या जिभेवर आलेलं असायचं. मी ते गिळायचे. कधी ते बरोबर वाटेला लागायचे तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर कधी ते चुकीच्या वाटेला लागले की त्याहून थोडं वेगळंही काहीतरी वाटायचं. जेवायला आम्ही एकत्र बसायचो, पण कामाचं बोलायचं नाही म्हटल्यावर बोलायला फारसं उरत नसे. शीतल तिच्या डब्यातली झुणका-भाकरी माझ्या पुढे सरकवायची आणि नजर दुसरीकडे ठेवायची. नियम मोडायची भीती तिला माझ्यापेक्षा जास्त.

सरांनी त्यांना दिलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला असलेली दोन नवी मापनकेंद्रं प्रोग्रामला जोडणं. ती आदल्या पावसाळ्याच्या आधीच बसवली होती, पण दुसऱ्या बनावटीची असल्यामुळे त्यांची रीडिंग आमच्याकडे येत नव्हती. तोवर आमचा सगळा भरवसा एका यंत्रावर होता, धानवड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या पुलाखालच्या.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी मी शीतलचा आवाज ऐकला. नेहमीपेक्षा मोठा होता. ती सरांना सांगत होती की नवा प्रोग्राम त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या नोंदींवर चालवला, एकही इशारा चुकला नाही, उलट प्रत्येक इशारा अर्धा तास आधी निघतो. सरांनी विचारलं, कशामुळे.

"तीन रीडिंग थांबायचं काढून टाकलं नव्हं," इम्रान म्हणाला. "म्हणून."

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

ते थांबणं मी घातलं होतं. मोठ्या पुलाखालचं यंत्र खाली तोंड करून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतं आणि दर पंधरा मिनिटांनी एक रीडिंग पाठवतं. पुराच्या पाण्यात झाडाची मोठी फांदी वाहत येऊन पुलाच्या खांबाला अडकली, तर यंत्राला ती पाण्यासारखीच दिसते. पाणी एकदम मीटरभर चढल्याचं रीडिंग येतं. पण फांदी चढून तिथेच राहते, पाणी चढतच जातं. म्हणून अशी उडी दिसली की माझा प्रोग्राम लगेच बोंब मारायचा नाही. उडीचं रीडिंग धरून तीन रीडिंग बघायचा, म्हणजे अर्धा तास. धानवड्यात दोनदा खोटा भोंगा वाजला की तिसऱ्यांदा कोणी अंथरुणातून उठत नाही.

आणि जुन्या नोंदींवर हे कधीच उघडकीला आलं नसतं. नोंदी साठवताना असल्या उड्या पुसून टाकायची रीत होती. तीन वर्षांच्या नोंदींत एकही फांदी नव्हती. फांदी फक्त माझ्या डोक्यात होती.

म्हणजे लेखात लिहिलं होतं तसंच झालं होतं, अगदी शब्दाला शब्द.

त्या संध्याकाळी मी घरापर्यंत चालत गेले. बोलले तर जागा गेली. नाही बोलले तर उद्या पाच वाजता सही. मग तिसरी वाट दिसली, आणि ती सर्वांत वाईट होती, कारण तिच्यात कोणाचं नुकसान दिसत नव्हतं. उद्या गप्प राहायचं, सही घ्यायची, आणि सोमवारी इम्रानला मेल करायची: अरे, ते तीन रीडिंगचं परत घाल, कारण असं असं. पावसाला अजून दीड महिना होता. पूल सुरक्षित, मी बंगळूरला. ह्यात चूक कुठे आहे हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. चूक एवढीच होती की मोजमाप चालू असताना एक नोंद दाबून ठेवायची आणि निकाल लागल्यावर खिशातून काढायची, ह्याला प्रयोगशाळेत काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. आणि माझ्या मेलनंतरही अशीच डोक्यात राहून गेलेली दुसरी फांदी कोणती, ते तर मलाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी जेवणानंतर आम्ही चौघं लॉकरमध्ये बसलो. सरांनी शांतपणे बदलांचा आढावा घेतला. सगळे बरोबर. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"नियमाप्रमाणे शेवटचं विचारतो. यशोधरा, तुला काही बोलायचंय?"

त्यांच्या आवाजात मी नाही म्हणावं अशी इच्छा होती. हे मला अपेक्षित नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "तीन रीडिंग थांबायचं काढू नका."

मी फांदीचं सगळं सांगितलं, खांब, यंत्र, पुसलेल्या नोंदी, भोंगा. सांगताना मी इम्रानकडे बघायचं टाळलं, कारण त्याची चूक मी सरांसमोर काढत होते. सरांनी ऐकून घेतलं आणि पानांची चळत टेबलावर आपटून सारखी केली.

"म्हणजे लेख खरा," ते म्हणाले.

"हो, सर."

"ऑक्टोबर."

"हो."

इम्रानने कान खाजवला. "सर, एक मिनिट. आमाला पण बोलायची बंदी हाय का? का फक्त हिलाच?"

सर म्हणाले, बोल.

"फांदी ठाऊक हाय आमाला," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "रेन ट्रीची. ही एवढी. गेल्या ऑगस्टात अडकली होती, पुलाच्या दुसऱ्या खांबाला."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? उत्तर शीतलने दिलं, आणि पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ बघून बोलली. तीन रीडिंग का थांबायचं, हे त्यांना काही केल्या कळेना. दोन दिवस डोकं फोडलं. जुन्या नोंदींवर ते असलं काय, नसलं काय, फरक फक्त उशिराचा. पण मी विनाकारण एक ओळ लिहीन असं दोघांनाही वाटेना. मग रविवारी इम्रानच्या मोटारसायकलवरून ते मोठ्या पुलावर गेले. यंत्राची राखण करणारे वसंतमामा तिथे शेरडं चारत होते. पाणी एकदम वर गेल्यासारखं कधी झालं का, असं विचारल्यावर त्यांनी फांदीची पूर्ण हकिगत सांगितली, ती काढायला किती माणसं लागली त्याच्यासकट. यंत्राच्या पोटातल्या पेटीत न पुसलेल्या नोंदी असतात, हेही तिथेच कळलं. त्यांनी तिन्ही केंद्रांवरच्या पेट्यांमधून त्या दिवसाच्या नोंदी उतरवून आणल्या.

"आणि तरी तुम्ही थांबणं काढलंत?" मी म्हणाले.

"थांबायचं कशाला आता?" शीतल म्हणाली. "तू लिहिलंस तेव्हा यंत्र एकच होतं. आता वर दोन आहेत. खाली उडी दिसली की वरच्या केंद्राला विचारायचं, तुझ्याकडे पाणी चढलंय का. चढलं असेल तर पाणी. नसेल तर फांदी. एकच फांदी दोन ठिकाणी कशी अडकेल?"

नवी केंद्रं बसलीयत हे मला वर्षभर माहीत होतं. ती जोडायचं काम मीच दोनदा पुढे ढकललं होतं.

"मला सांगायचं होतं," शीतल म्हणाली, "पण नियम होता. आणि एक सांगू का? राग नको मानू. तुला विचारता आलं असतं ना, तर आम्ही नदीवर गेलोच नसतो."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी लेखाची प्रत उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली. ज्यांनी प्रोग्राम लिहिला नाही त्यांनाही कारण सापडलं, म्हणजे लेख पडला. पण कारण ओळींत सापडलं नाही, नदीवर जावं लागलं, म्हणजे लेख उभा. आणि मी बोलले होते, म्हणजे नियमाने लेख उभा. पण बोलले ते चुकीचं होतं, म्हणजे मी बोलल्याने सिद्ध काय झालं? ते हे सगळं मोठ्याने म्हणत होते, आमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

"सर," इम्रान म्हणाला, "लेखाचं पुढच्या शुक्रवारी बघू. नोंदी हायत. दोन्ही चालवा की."

आम्ही बाहेर येऊन माझ्याच कॉम्प्युटरपुढे बसलो. दोन आठवड्यांची धूळ कीबोर्डवर होती. मागच्या ऑगस्टातला तो एक दिवस, न पुसलेला. सकाळी फांदी अडकली, दुपारी माणसांनी ती काढली, आणि संध्याकाळी खरं पाणी आलं, धानवड्याच्या ठेंगण्या पुलावरून गेलं. सरांनी दोन्ही प्रोग्रामना तोच दिवस दिला. आधी माझा, मग त्यांचा.

सकाळच्या फांदीवर माझ्या प्रोग्रामने इशारा दिला नाही. त्यांच्या प्रोग्रामनेही दिला नाही.

संध्याकाळी पूल पाण्याखाली जाण्याआधी माझ्या प्रोग्रामचा इशारा अडतीस मिनिटं आधी निघाला. त्यांचा अडुसष्ट मिनिटं. सरांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले आणि माझ्याकडे राजीनाम्याचा कागद मागितला.